अक्षरांचे पाय मोडणारे

ज्या गोष्टींची आपल्याला काडीचीही माहिती नाही, त्यांच्याविषयी ठाम मत बाळगणे हा मराठी मध्यमवर्गाचा जुना आणि बिनखर्चाचा छंद आहे. या छंदात चिनी लिपीचा मान फार वरचा. आमच्या अकोल्यात कुणाचे अक्षर लागले नाही, की ते चिनी. डॉक्टरची चिठ्ठी चिनी, तलाठ्याची सही चिनी, आणि बायकोने पोस्टकार्डाच्या समासात दाटीवाटीने लिहिलेला मजकूर तर अस्सल चिनी! आणि हे म्हणून झाले, की पाठोपाठ दुसरे वाक्य येतेच : "आपली देवनागरी पाहा साहेब! जसे बोलावे तसे लिहावे, जसे लिहावे तसे वाचावे. जगात अशी शास्त्रशुद्ध लिपी नाही!" हे वाक्य मी शाळेत ऐकले, हापिसात ऐकले, बदनेऱ्याच्या फलाटावर उशिरा आलेल्या गाडीची वाट पाहताना ऐकले. हे वाक्य म्हणणाऱ्या एकानेही चिनी अक्षर कसे बांधतात हे पाहिलेले नव्हते, आणि देवनागरी अक्षर कसे बांधतात हेही पाहिलेले नव्हते. एका बाबतीत अज्ञान असले तर माणूस बिचकतो. दोन्ही बाबतींत असले, की तो तुलना करू लागतो.

तर आज मला या वाक्याशी भांडायचे आहे. आणि त्याहून जास्त भांडायचे आहे ते या वाक्याचा जप करीत करीत, हातात हातोडा घेऊन, आपल्या जोडाक्षरांचे पाय मोडीत सुटलेल्या मंडळींशी.

आधी चिन्यांची बाजू मांडतो. कारण त्यांचे वकीलपत्र अकोल्यात दुसरे कुणी घेईल असे दिसत नाही. आपली समजूत अशी, की चिनी भाषेत प्रत्येक शब्दाला एक स्वतंत्र चित्र असते, आणि तिथल्या पोराला जन्मभर चित्रे पाठ करण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. तसे काही नाही. चिनी अक्षर म्हणजे मोजक्या सुट्या भागांची जुळणी. झाडाचे एक चिन्ह आहे. शेजारीशेजारी दोन झाडे काढली, की राई. वर एक आणि खाली दोन अशी तीन काढली, की घनदाट अरण्य. (आमच्या नगरात एक कडुलिंब आणि दोन बाके असली तरी त्याला उद्यान म्हणतात, पण ते असो.) सूर्याशेजारी चंद्र काढला, की उजेड. झाडाला टेकलेला माणूस काढला, की त्याचा अर्थ विसावा. हे चिन्ह मूळचे वऱ्हाडातलेच असावे असा मला दाट संशय आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला, की दुपारी मोर्णेच्या काठाने हे अक्षर झाडाझाडाखाली लिहिलेले दिसते.

पण अशी चित्रकोडी थोडी. बहुसंख्य चिनी अक्षरे दोन भागांची असतात. एक भाग अर्थाचे घराणे सांगतो, दुसरा उच्चाराची दिशा दाखवतो. घोड्याला त्यांच्याकडे 'मा' म्हणतात. स्त्रीच्या चिन्हाला हा घोडा जोडला, की आई, तीही 'मा'च, फक्त सूर निराळा. तोंडाच्या चिन्हाला घोडा जोडला, की वाक्याच्या शेवटी लागणारा आपल्या 'का?'सारखा शब्द, तोही 'मा'. घोड्याचा आईशी काही संबंध नाही. त्याला उच्चारापुरता भाड्याने आणलेला आहे. डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब दिसले, की समजावे, नदी, तळे, समुद्र, धुणे असे काहीतरी ओले प्रकरण असणार. श्यू शन नावाच्या पंडिताने इ. स. १०० च्या सुमारास ९,३५३ अक्षरांचा कोश रचला आणि ती सगळी ५४० गटांत बसवली. पुढे १७१६ साली खांग-शी बादशहाच्या नावाने मोठा कोश झाला. त्यात अक्षरे ४७ हजारांवर, पण गट फक्त २१४. एवढी सगळी अक्षरे तिथल्या पंडितांनाही येत नाहीत. चीन सरकारने २०१३ साली जी प्रमाण यादी काढली, तिच्यात रोजच्या वापराची अक्षरे ३,५०० धरली आहेत.

आणि मांडणी पाहा. कधी दोन भाग शेजारीशेजारी, कधी एकावर एक, कधी एकाच्या पोटात दुसरा. पण प्रत्येक अक्षराने मावायचे ते ठरलेल्या चौकोनातच. खोली तेवढीच, तीत बिऱ्हाड एक असो की पाच. जोडीदार आला, की ज्याने त्याने अंग चोरून बसायचे. मुंबईच्या चाळीत जो संसार आपण कौतुकाने वर्णितो, तोच चिनी अक्षरात दिसला की त्याला गचाळ म्हणतो!

आता आपल्या शास्त्रशुद्ध बढाईकडे वळू. 'गाय चार' आणि 'चार गायी' ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा. 'च' एकच लिहिलात. उच्चार दोन झाले. 'या जगात जग' असे एखादा संत म्हणाला, तर पहिला 'ज' निराळा आणि दुसरा निराळा. लिपीला त्याचा पत्ता नाही. 'घर' लिहितो, म्हणताना शेवटच्या 'र'चा पाय मोडतो. लिहिताना मात्र तो धडधाकट उभा. 'ज्ञ' तर खास विचारण्यासारखा आहे. हा जन्माला आला 'ज' आणि 'ञ' यांच्या पोटी. मराठी माणूस त्याला 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाला 'ग्य' म्हणतो, आणि आईबापांचा चेहरा त्याच्या तोंडवळ्यावर कुठेही दिसत नाही. म्हणजे हे चिनी अक्षरच झाले की! फरक एवढाच, की हे वर्णमालेच्या शेवटी बसवले आहे, म्हणून कुणी त्याची जात विचारत नाही.

आणि आमच्या वऱ्हाडाचे तर काय सांगावे! खेड्यापाड्यांत आम्ही 'ळ' लिहितो आणि 'य' वाचतो. पाटीवर 'केळी' असते, गाडीवाला ओरडतो, "केयी घ्या, केयी!" पोरगा 'शाळा' लिहिलेल्या फाटकातून आत जातो आणि घरी येऊन सांगतो, "आज शायेत गुरुजी नाही आले." डोळा हा डोया, काळा हा काया. पुण्याचा पाहुणा तीच पाटी जीभ टाळूला लावून वाचतो. अक्षर एक, उच्चार दोन, आणि केळ्यांचा भाव दोघांनाही सारखाच पडतो. पेकिंगचा माणूस आणि कँटनचा माणूस एकच वर्तमानपत्र आपापल्या उच्चारात वाचतात, तेव्हा आपण त्याला चिनी लिपीची विचित्र खोड म्हणतो. तीच खोड आमच्या आठवडी बाजारात राजरोस चालते आणि तिच्यावाचून कुणाचे अडत नाही.

चिनी अक्षराचे याहून चोख उदाहरण हवे असेल तर कोणत्याही शेतकऱ्यासमोर '७/१२' एवढे लिहून दाखवा. सात भागिले बारा किती, असे तो विचारणार नाही. त्या तीन चिन्हांत त्याला शेत दिसते, त्यावरचा बोजा दिसतो, भाऊबंदकीचा दावा दिसतो आणि तलाठी कार्यालयातला बंद पंखाही दिसतो. एवढा अर्थ एका चिन्हात कोंबणे श्यू शनच्या बापालाही जमले नसते.

तेव्हा आपली लिपी म्हणजे केवळ आवाजाची तबकडी नव्हे. तिला बांधणी आहे, आणि त्या बांधणीचे नियम चिनी अक्षराइतकेच पाहण्यासारखे आहेत. जोडाक्षराचेच घ्या. म, न, त, स, प, ब अशी जी अक्षरे उजवीकडे दांडा बाळगून आहेत, ती पाहुणा आला की आपला दांडा बाजूला ठेवून सरकतात : म्ह, न्य, त्य, स्त, प्य, ब्द. 'क' आणि 'फ' यांचा दांडा मधोमध. ते नुसते शेपूट आखडतात. पण ट, ठ, ड, ढ, द, ह या मंडळींना दांडाच नाही. काढून काय ठेवणार? म्हणून ती पाहुण्याला आपल्या कुशीत किंवा पायाशी जागा देतात : द्ध, द्व, द्य, ट्ट, ठ्ठ, ह्म. ही काही कुणाची लहर नव्हे. अक्षराच्या अंगकाठीतून निघालेली ही व्यवस्था आहे. हातांनी लिहिणाऱ्यांनी कित्येक पिढ्या ती घासून-पुसून गुळगुळीत केली, आणि निर्णयसागर छापखान्याने तीच शिशाच्या खिळ्यांत अशी उतरवली, की ती पाने आजही पाहत बसावीशी वाटतात.

या सगळ्यांत 'र' हा नारदमुनी. याला सर्वत्र संचार आणि प्रत्येक घरी निराळा वेष. 'अर्क'मध्ये हा डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायात घुटमळतो, 'राष्ट्र'मध्ये पायाखाली झोपडी बांधतो, आणि 'वऱ्हाड'मध्ये आडवा होऊन पापणीसारखा लवतो. हा चौथा वेष खास आपला. हिंदीच्या रोजच्या लिखाणात तो शोधून सापडायचा नाही. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पाचही नावांत मिळून एक जोडाक्षर नाही. आमचा मुलूख तसा सरळमार्गी. पण पाचांना पोटात घेणाऱ्या 'वऱ्हाड' या नावात मात्र देवाने मराठीतले सगळ्यात नाजूक जोडाक्षर ठेवले. बिऱ्हाडात तेच, कुऱ्हाडीत तेच, गुऱ्हाळात तेच. म्हणजे संसार, भांडण आणि गोडवा तिन्ही त्याच्या हवाली.

हा वेष केवळ शोभेचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लग्नघरी 'आचार्यांना दक्षिणा द्या' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा द्या' यांत घोटाळा करून पाहावा. एकाला शालजोडी जाईल आणि दुसऱ्याला मसालेभाताचा हिशेब! आमच्या गल्लीत मध्यंतरी कुणीतरी सहलीचा कागद वाटला. त्यावर ठळक छापले होते, 'चला चिखलदर्याला!' चिखलदरा हे आमच्या सातपुड्यातले थंड हवेचे ठिकाण. तिथे जायचे ते चिखलदऱ्याला. दरीची होते दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र. दीडशे माणसांना भर उन्हाळ्यात चिखलाच्या समुद्रात लोटण्याचा हा बेत वाचून माझ्या पोटात गोळा आला. छापणाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, "भाऊ, थो 'र' आमच्या कंप्युटरात नाही. आन् लोकायले समजते ना! कायले एवढं मनावर घेता?"

"लोकांना समजते ना!" साऱ्या पायमोड्या पंथाचे हे उपास्य वचन आहे.

पायमोड म्हणजे काय ते सांगायला हवे. व्यंजनाखाली जी तिरकी रेघ देतात, तिला आपण मराठीत 'पाय मोडणे' म्हणतो. शब्द मोठा प्रामाणिक आहे. गेल्या काही वर्षांत शालेय पुस्तकांत जोडाक्षरे आडवी मांडण्याची चाल पडली. 'विद्या' गेली आणि 'विद्‌या' आली. 'उद्या'चे 'उद्‌या' झाले, 'बुद्धी'ची 'बुद्‌धी' झाली. मुलांना घटक वेगवेगळे दिसावेत, हा हेतू. हेतू उत्तम, पण असे हेतू स्वयंपाकघरात शिरले तर पानात पुरणपोळीऐवजी डाळ, गूळ आणि पोळी वेगवेगळी वाढतील, आणि वर सांगतील, 'घटक नीट पाहून घ्या, चव तीच आहे.' याच हौसेपायी २०१९ साली दुसरीच्या गणितात बावीसला 'वीस दोन' म्हणण्याची सोय झाली होती आणि महाराष्ट्रभर हलकल्लोळ उडाला होता. बावीस फोडले तेव्हा आपण रस्त्यावर आलो. विद्या फोडली तेव्हा कुणी हूं केले नाही. मराठी माणसाला आकड्यांचे दुःख लवकर कळते, कारण ते पगारासारखे दिसतात!

परिणाम काय झाला तो ऐका. आमच्या शेजारचे तिसरीतले पोट्टे एकदा ओट्यावर मोठ्याने धडा वाचत होते. 'उद्‌या सुट्टी आहे' हे त्याने वाचले, 'उद. या सुट्टी आहे.' मी विचारले, "हा उद कोण रे?" ते म्हणाले, "काकाजी, मले काय माहीत? धड्यात आला असन कोनी." डोळ्यांपुढे दोन तुकडे ठेवलेत, त्याने दोन तुकडे वाचले. पोराचे काय चुकले? एरवी हाच मुलगा दिवसातून दहा वेळा 'उद्या करतो' म्हणतो. बोलीत त्याला जो शब्द अखंड येत होता, तो पुस्तकाने त्याला फोडून दिला.

आता न्यायाने बोलायचे तर समोरच्या पक्षाचेही म्हणणे आहे, आणि ते टाकाऊ नाही. ते म्हणतात, 'द्ध' पाहून पोराला 'द' आधी की 'ध' आधी हे कळत नाही. 'ब्रह्म' मधला 'ह्म' भले भले लोक 'म्ह' वाचतात आणि मग 'ब्रम्ह' लिहितात. खरे आहे. 'कार्त्स्न्य' या शब्दात तर पाच व्यंजने एकाच्या अंगावर एक पडली आहेत. पण तो शब्द लिहिण्याची पाळी माझ्यावर अजून तरी आलेली नाही. मुलाला घटक दिसले पाहिजेत, हे मला कबूल आहे. फळ्यावर 'द्' काढा, 'ध' काढा, आणि दोघे मिळून 'द्ध' कसा होतो ते दहा वेळा गिरवून घ्या. पायमोड हा पांगुळगाडा आहे. मूल चालू लागेपर्यंत पांगुळगाडा हवाच. पण पोरगे दहावीला गेले तरी त्याच्या हातून तो सोडवायचा नाही, आणि वर ज्यांना चालता येते त्यांनाही 'एकरूपता राहावी' म्हणून गाडाच धरायला लावायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत. चिनी मुलालाही १९५८ सालापासून रोमन अक्षरांतला एक पांगुळगाडा मिळाला आहे. तो उच्चार त्यावर शिकतो आणि पुढे खऱ्या अक्षरांवर जातो. गाडा हेच घर, असे तिथे कुणी मानीत नाही.

शिवाय पाय मोडल्याने घटक सुटे होतात एवढेच होत नाही. सगळे घर हलते. 'सिद्धिविनायक' यात दुसरी वेलांटी अख्ख्या 'द्ध'च्या आधी उभी राहते, कारण 'द्ध' ही एक वास्तू आहे आणि वेलांटी ही तिच्या दारातली कमान. 'सिद्‌धिविनायक' असे लिहा. कमान दोन खोल्यांच्या मध्ये येऊन अडकते. विनायक विघ्नहर्ता खरा, पण त्याच्याच नावात आपण हे विघ्न उभे करतो. शब्द लिहितो एकजण, एकदा. तो वाचतात हजारो लोक, हजारो वेळा. लिहिणाऱ्याची घटकाभराची सोय पाहून वाचणाऱ्याच्या डोळ्याला जन्माची ठेच लावणे हा उलटा हिशेब झाला. सराव झालेला डोळा अक्षरांचे अवयव मोजत बसत नाही. ओळखीचा माणूस लांबून चालीवरून ओळखावा तसा तो शब्द ओळखतो. चिनी वाचक तेच करतो, आपणही तेच करतो.

सुधारणेला माझा सरसकट विरोध आहे, असेही समजू नका. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि डोक्यावरचे न बोलणारे अनुस्वार उडून गेले. कुणाचे काही बिघडले नाही. त्या टिंबांना आवाजच नव्हता. सावरकरांनी रत्नागिरीत असताना लिपिशुद्धीची चळवळ चालवली, 'अ'च्या अंगावरच सगळे स्वर चढवून 'अि, अी, अु, अू' असे लिहावे म्हटले, आणि तशी पुस्तकेही छापली गेली. १९५३ साली लखनौच्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी उचलून उजवीकडे नेऊन ठेवली होती; ती तिथे रमली नाही आणि परत आली. या मोठ्या माणसांच्या पुढे एक खरी अडचण होती. छापखान्यात देवनागरीला शेकड्यांनी खिळे लागत. टंकलेखनयंत्रावर तेवढ्या कळांना जागा नव्हती. यंत्र लहान आणि लिपी मोठी, म्हणून लिपीने अंग चोरावे, असा तो विचार होता. पटो न पटो, त्याला कारण होते.

पण आज ते कारण कुठे आहे? खिळे वितळले. टंकलेखनयंत्रे भंगारवाल्याच्या गाडीवर गेली. आज शाळकरी पोराच्या हातातल्या मोबाइलवर 'द', पायमोड आणि 'ध' अशा तीन कळा दाबा, तो आपोआप 'द्ध' जुळवून पुढे ठेवतो. उलट पाय मोडलेलाच दिसायला हवा असेल, तर मध्ये एक अदृश्य चिन्ह मुद्दाम घुसवावे लागते. म्हणजे पूर्वी जोडायला कष्ट पडत होते म्हणून मोडले. आता मोडायला जास्त कष्ट पडतात तरी मोडतो आहोत! ही सोय नव्हे, ही सवय. आणि तो 'वऱ्हाड'चा 'र' आमच्या कंप्युटरात नाही म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की तो आत आहे, नुक्ता दिलेला 'र' काढून त्याचा पाय मोडला की पापणी लवते. शोधायचे कष्ट घ्यायचे नसले, की माणूस यंत्राला नावे ठेवतो.

पुन्हा चीनचेच पाहा. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या शिकल्यासवरल्यांनीही आपली लिपी टाकून रोमन घ्यावी असा धोशा लावला होता. १९५६ साली सरकारने अक्षरे सोपी केली, रेघा कमी केल्या, पण जुळणीची रीत मोडली नाही. मग चटक लागली. १९७७ साली सुलभीकरणाचा दुसरा घास पुढे आला. तो इतका सुलभ होता, की लोकांना वाचता येईना. १९८६ साली सरकारने तो रीतसर परत घेतला. शंभर कोटींवर लोकसंख्येचे आणि कुणाचेही न ऐकणारे सरकार एका अक्षरापुढे चूक कबूल करून मागे फिरले. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातला एक पाय सरळ करायचा तर समिती, उपसमिती आणि तिच्या चहापाण्याचे बिल!

"पण एवढे बिघडते काय?" असे आपण विचाराल. सांगतो. उदाहरणासाठी चीनला जायला नको, आमच्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर पुरे. मराठी गद्याची गंगा जिथे उगम पावली, ज्या 'लीळाचरित्रा'ला आपण आद्य गद्य चरित्रग्रंथ मानतो, त्या महानुभावांचे हे ठाणे. या पंथीयांनी आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीत घातले. एका अक्षराच्या जागी दुसरे, अशी ती सांकेतिक रीत. अक्षरे ओळखीची, वाचू गेले तर काही लागेना. इतिहासाचार्य राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या कुलपाची किल्ली शोधीपर्यंत मराठीचे हे धन शतकानुशतके बाहेरच्यांना बंद होते. त्यांनी निदान जाणूनबुजून कुलूप घातले होते आणि किल्ली मठात सांभाळली होती. आपण कुलूपही न घालता किल्ली फेकून देणारे!

मोडीचे तेच झाले. आपल्या आजा-पणजांचे खरेदीखत मोडीत, कर्जरोखे मोडीत, सोयरीक ठरल्याचे पत्र मोडीत. छापखान्याने बाळबोध उचलली, शाळांतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत ट्रंकेतले कागद चिनी होऊन बसले. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा दप्तरे होती, पाने होती, शाई शाबूत होती. नव्हता तो वाचणारा. मोडी जाणणारे म्हातारे हुडकून आणावे लागले. ज्या लिपीला आपण 'काय ते पाय मोडलेले लिखाण' म्हणून हिणवले, तिच्यावर लोकांची जात, शिक्षण आणि नोकरी येऊन ठेपली. मोडी जाताना कुणी म्हणाले असेलच, 'एवढे बिघडते काय?'

उद्या एखाद्या पोराने आजोबांच्या कपाटातले जुने पुस्तक उघडले, आणि त्यातला 'द्ध', 'ह्म', 'ट्ट', 'ङ्क' पाहून 'हे काय चिनी लिहिलंय?' म्हणून ते मिटले, तर त्या पुस्तकाचा पाय कुणी मोडला म्हणायचा? आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पेढे वाटून झाले. आता त्या विद्यापीठाच्या पाटीवर 'विद्यापीठ' आणि 'रिद्धपूर' हे दोन शब्द सडक्या तुकड्यांत न लिहिता अखंड लिहिले जावेत आणि आत शिकणाऱ्याला ते अखंड वाचता यावेत, एवढी अपेक्षा अभिजात भाषेकडून करायला हरकत नसावी.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. पहिलीला पाय मोडा, पण चौथीपर्यंत ते सांधून द्या. गुरुजींनी 'हे असेच असते, पाठ करा' न म्हणता दांडेवाले कोण, बिनदांड्याचे कोण, आणि 'र' कुठे कोणता वेष घेतो हे मुलांना गोष्टीसारखे सांगावे. पोरांना कोडी आवडतात, कंटाळा मोठ्यांना येतो. छापणाऱ्यांनी 'लोकांना समजते ना' हे वचन आपल्या बिलाच्या रकमेलाही लावून दाखवावे. आणि ज्यांना देवनागरीचा अभिमान मिरवायचा असेल, त्यांनी आधी कागद-पेन घेऊन 'वऱ्हाड' हा शब्द लिहून दाखवावा. ज्याला तो नीट जमेल, त्याने चिन्यांना खुशाल हसावे. पण माझा अनुभव असा, की ज्याला तो जमतो, त्याला चिन्यांना हसावेसे वाटत नाही, तो ते अक्षर जवळ ओढून घेतो आणि विचारतो, "का हो, यातला हा घोडा इथे कसा काय बसवला?"